हाकेपुरती फट

मिक्सर थांबला आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून हाक आली. "आंऽऽ..."

कुंदाचा हात बटणावरच राहिला. हाक काही नवी नव्हती. देवचंदला लकवा मारून गेला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं, जीभ गेली, आणि जळगावच्या मार्केट यार्डात लिलाव पुकारताना ज्याचा आवाज फाटकाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जायचा, त्या अडत्याजवळ एवढं 'आं' उरलं. पाणी हवं तरी आं, कूस बदलायची तरी आं, नाकावर माशी बसली तरी आं. नवी होती ती वेळ. मिक्सर थांबायला आणि हाक सुटायला अगदी गाठ पडली होती. कुंदानं उगाच, गंमत म्हणून म्हणा हवं तर, पुन्हा बटण दाबलं. शेंगदाण्याची चटणी गरगर फिरली आणि हाक मध्येच तुटली. बंद केलं. "आंऽऽ..." लावलं. गप्प. बंद केलं, की पुन्हा आं. चटणीचं पार लोणी झालं, भांडं तापलं, वायर जळल्यासारखा वास सुटला, तरी तिचा हात थांबेना. "अगं बाई," ती ओट्याशी एकटीच मोठ्यानं म्हणाली, "हा तर फट शोधतोय!" आणि तिला हसू आलं. बरं हसू नव्हतं ते. अंगावर काटा आणणारं, आपलं आपल्यालाच परकं वाटणारं हसू होतं, आणि ते आलं तसं तिला जावंसंच वाटेना. आत त्याला काय हवंय ते बघायला गेली तेव्हा चादर ओली झाली होती. तिनं ती बदलली, त्याचं अंग पुसलं, पावडर लावली. करायचं ते सगळं केलं. फक्त उशिरा केलं.

फट हा शब्द तिचा होता, तोरणमाळचा. लोक म्हणतात जंगलात शांतता असते. असं म्हणणाऱ्यांना एकदा पावसाळा सरताना, दिवेलागणीला, तोरणमाळच्या उतारावर नेऊन उभं करावं. वर झाडांच्या खोडांवर ते पारदर्शक पंखांचे किडे, पुस्तकात सिकाडा म्हणतात ते, अख्ख्या गावानं एकाच वेळी गिरण्या सुरू कराव्यात असा आवाज करतात. शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नाही. आणि खाली, पाल्यापाचोळ्यात, बोटाच्या पेराएवढा रातकिडा पंखावर पंख घासून आपल्या मादीला बोलावत असतो. मादीला आवाज नाही. तिचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली. ऐकायचं आणि जायचं, नाहीतर नाही जायचं, एवढंच तिच्या हातात. मग एवढ्या कल्लोळात ह्या बापड्याची हाक तिच्यापर्यंत पोचते कशी? तो आवाज चढवतो, का गप्प बसतो, का वरचे दमून थांबले की तेवढ्या फटीत घाई करतो? ब्याऐंशी साली धुळ्याच्या कॉलेजातल्या सरांच्या हाताखाली कुंदा ह्या एका प्रश्नामागे लागली होती. डाव्या खांद्यावर टेपरेकॉर्डर, त्याच्या इअरफोनची एकच गोळी डाव्या कानात, उजवा हात लिहायला मोकळा आणि उजवा कान जंगलाला. खाली बसून बसून पोटऱ्यांत गोळे यायचे, गोचिड्या चढायच्या, आणि तरी ती इतकी सुखात असायची की घरी परत जायचं आहे हे तिला जीपमध्ये बसल्यावर आठवायचं.

घर म्हणजे तेव्हा धुळ्याचं, देवचंदचं. त्याला शिकलेली बायको हवी होती, म्हणजे मोटारसायकल हवी असते तशी. चारचौघांत तो सांगायचा, आमच्या घरचे एमेस्सी आहेत. घरचे म्हणजे कुंदा. तिचं नाव त्यानं कधी घेतलं नाही; त्यांच्याकडे बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि देवचंदला सगळ्या रीतींपैकी नेमक्या असल्याच रीती पाठ. तिला हाक मारायची तर "ए". पाहुणे असले तर "ऐकलं का". त्या एका "ए"ला ती हातातलं काम टाकून जायची. संशोधनालाही त्याची ना नव्हती. "कर काय करायचं ते," तो म्हणायचा, "पण दिवेलागणीला घरात पाहिजे." आता रातकिड्यांना कोण जाऊन सांगणार, की बाबांनो, आमच्या ह्यांना चालत नाही, तुम्ही दुपारी ओरडत जा? मग एकदा घाटात जीपचा पाटा तुटला. सर, झुलाल नावाचा बरोबरचा विद्यार्थी, ड्रायव्हर आणि कुंदा, सगळे फॉरेस्टच्या चौकीत बसून राहिले आणि ती घरी पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. देवचंद घरापुढच्या ओट्यावरच उभा होता. शेजारी त्याची मोठी बहीण ताईबाई, पारोळ्याहून आलेली, तांदूळ निवडत होती. त्यानं विचारलं काही नाही. उजव्या हाताची एक सणसणीत दिली, पंजा उघडा ठेवून, डाव्या कानावर. डोक्यात शिट्टी वाजली. ताईबाई "माय वं!" म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. शिट्टी आठ-पंधरा दिवस वाजत राहिली आणि मग बंद पडली. कुंदाला वाटलं, झालं, बरा झाला कान.

बरा कसला! माणसांची बोलणी ऐकू यायची, भांडी ऐकू यायची, सिकाडांचा कल्लोळ तर छान ऐकू यायचा. गेलं होतं ते बारीक, वरच्या पट्टीतलं, सुईसारखं जे असतं ते. आणि हे तिला कळावं कसं? जे ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही हे माणसाला कुठून ऐकू येणार? पुढचे कित्येक महिने ती रोज ते सगळे टेप, तीच गोळी त्याच डाव्या कानात घालून, ऐकत राहिली आणि मांडत राहिली. सिकाडा ओरडू लागले की रातकिडा गप्प. सपशेल गप्प. केवढा आनंद झाला तिला! काहीतरी ठाम हाताला लागलं होतं. कॉलेजच्या सभागृहात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर, खडूनं फळ्यावर आलेख काढून तिनं सांगितलं: गोंगाटात नर हाक मारायचं सोडून देतो. तेव्हा झुलालनं, अगदी भल्या मनानं, पुरावा म्हणून तिचाच टेप मोठ्या स्पीकरवर लावला. सिकाडांचा कल्लोळ सभागृहात भरला, आणि त्याच्या मधल्या बारीक बारीक फटींतून, घड्याळ लावल्यासारखा, रातकिडा. ट्रीं. ट्रीं. ट्रीं. स्वच्छ. सगळ्यांना ऐकू आला. स्पीकर उजव्या बाजूला होता, तिलाही आला. आधी एक जण हसला, मग मागच्या रांगा हसल्या, पाहुणे रुमालात हसले. सर हसले नाहीत. ते बूट बघत राहिले, आणि पुन्हा कधी तिला जीपमध्ये बस म्हणाले नाहीत. डॉक्टरनं कान तपासून सांगितलं, बारीक आवाज आता येणार नाहीत बाई, जुनं दुखणं आहे. ते तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा देवचंद जेवत होता. भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "किडेच ना ऐकू येत नाहीत? माणसं येतात ना? मग बिघडलं कुठं?"

मारलं ते ती कदाचित विसरली असती. बायका विसरतात, विसरायला लावतात त्यांना. पण 'बिघडलं कुठं' हे वाक्य तिनं दहा वर्षं जिवापाड सांभाळलं. बिऱ्हाड धुळ्याहून जळगावला आलं, अडत वाढली, मूलबाळ झालं नाही, त्याबद्दलही तिलाच ऐकावं लागलं, आणि ती ऐकत राहिली, एका कानानं. वाक्य आत तसंच होतं, लोणच्यासारखं मुरत. आता देवानं, नाहीतर रक्तदाबानं म्हणा, तिच्यासमोर एक नर आणून टाकला होता, ज्याच्याजवळ एकच हाक होती. आणि गोंगाटाची चावी तिच्या हातात होती. सूड सूड म्हणतात तो इतका घरगुती असतो हे तिला माहीत नव्हतं. त्याला विष नको, उशी नको. त्र्याण्णव सालचा उन्हाळा होता, जळगावचा उन्हाळा, पत्र्यावर पापड भाजून निघेल असा. आजारी माणसासाठी कूलर लावणं हा काय गुन्हा आहे? तिनं कूलर लावला. स्वयंपाकघरात रेडिओ लावला. बादलीत नळ सोडला. शेजारी पिठाची गिरणी होतीच, ती फुकटची. आणि ती नीट लक्ष देऊन बघू लागली, शिकलेल्या बाईसारखं. कूलरचं पाणी संपून पंखा नुसताच घरघरला की तो जरा लांब हाक मारायचा. रेडिओवर गाणं संपून निवेदिका बोलायला लागायच्या आत छोटी मारायची. ती फट अरुंद करत गेली, तो हाक आखूड करत गेला. "आंऽऽ"चा "आं" झाला, "आं"चा "अ". लोकांना दाखवायला काही कमी नव्हतं: जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, अंथरूण स्वच्छ, पाठीला जखम नाही. बघायला येणारे म्हणायचे, नशीब काढलं देवचंदभाऊनं, अशी बायको मिळाली. कुंदा मान खाली घालायची आणि आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या. तिला झोप चांगली लागू लागली. भूक लागू लागली. गालांवर चक्क मांस चढलं.

मग तिनं माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. तोरणमाळचा एक टेप तिच्याकडे राहून गेला होता, नुसत्या सिकाडांचा. तो तिनं मधल्या दारात, उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला, आवाज चढवला आणि शेजारी भाजी निवडत बसली. डावीकडे त्याची खाट. जंगल घरात शिरलं. त्या पहिल्या दुपारी तिला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. ओल्या पाल्याचा वास आल्यासारखा झाला, पोटऱ्यांत गोळा आल्यासारखा झाला, आणि वाटलं, आता कळू दे ह्याला, काय हिरावून घेतलं होतंस ते. काही दिवस "अ" येत राहिला, चुकतमाकत. मग तोही थांबला. ती मेथी खुडत थांबायची, ऐकायची: सिकाडा, फक्त सिकाडा. बरोबर होतं की माझं! नर गप्प बसतो. पुरेसा गोंगाट करा, आणि तो गप्प बसतो. कुणीतरी तो झुलाल आणा रे, त्या रुमालात हसणाऱ्यांना आणा. पण गंमत बघा, ज्याची वाट बघितली ते झालं आणि तिला करमेना. दुपारी दुपारी ती त्या दारात नुसतीच बसायची, हात रिकामे, डोळे खाटेकडे लागलेले. कशाची वाट बघत होती कोण जाणे. त्याचे ओठ हलायचे, पण ते तर लकव्यापासून हलतच असत.

अशाच एका दुपारी ताईबाई आली. पारोळ्याहून एसटीनं, डोक्यावर पदर, कडेला कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी, ज्वारीच्या बिबड्या पापडांचा डबा. दार उघडंच होतं. उंबऱ्यातच ती थबकली.

"माय वं वहिनी, हाई काय लायेल शे? बठ्ठं जंगल घरमा भरी टाकं का?"

"या अक्का," कुंदा उठत म्हणाली. "बरं वाटतं त्यांना. झोप लागते."

"झोप? कथानी झोप? तो कवयना तुले बोलाई ऱ्हायना, अन् तू आठे भाजी निवडत बठेल!"

"नाही हो अक्का. त्यांच्या हाका केव्हाच बंद झाल्या. मी बसलेलीच असते ना इथं."

"बंद?" ताईबाईनं पिशवी खाली टाकली. "कुंदा, कुंदा करी ऱ्हायना तो. तुन्हं नाव ली ऱ्हायना. मले दारमाथून आयकू ऊनं, तुले जोडे बठीसन येत नही? तुन्हा कान फुटना का वं?"

आणि बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. ओट्यावर त्या सकाळी तीच होती. ती आणि सूप. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुंदानं वाकून टेप बंद केला आणि हळूच मान फिरवली, उजवा कान खाटेकडे.

"कुंऽ... कुंऽ... दा."

बारीक. वाफ कोंडलेल्या कुकरच्या शिट्टीतून सुटते तशी, आवळलेल्या ओठांतून, छातीतून नव्हे तर नाकाच्या कुठल्यातरी वरच्या कोपऱ्यातून काढलेली हाक. आखूड नव्हती ती, घाईची नव्हती, फटीसाठी थांबलेली नव्हती. फटी तिनं बुजवल्या तेव्हा त्यानं त्या सोडूनच दिल्या आणि जिथं सिकाडा पोचत नाहीत अशा पट्टीवर चढून बसला. किती दिवस? ती भाजी निवडत होती, जिंकत होती, गालांवर मांस चढत होतं, आणि तो तिच्या डाव्या हाताला पडून तिच्या मेलेल्या कानात तिचं नाव घालत होता. पुन्हा तेच. उजवीकडे गोंगाट, डावीकडे हाक. दहा वर्षांची सवय, दुसऱ्या कुणी नव्हे, तिनंच तशी बैठक मांडली होती. सभागृह पुन्हा हसलं. तिच्या कानशिलांपासून गळ्यापर्यंत जाळ झाला. आधी लाज, आणि लाजेच्या पाठोपाठ असा संताप, की हातातली मेथीची जुडी पिळली जाऊन तळव्याला हिरवा रस लागला. माझा सूडसुद्धा ह्यानं पुरा होऊ दिला नाही! आणि नाव घेतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी घेतलं नाहीस. मांडवात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हाही खोकून वेळ मारून नेलीस. आता घेतोस, कुणी ऐकत नसताना?

ताईबाईला रडू फुटलं होतं. "जाय वं माय, जाय ना त्याना जोडे. माफी मांगी ऱ्हायना मन्हा भाऊ."

"माफी मागतात का पाणी मागतात, तुम्हाला काय ठाऊक?" कुंदा म्हणाली. पण ती गेली.

खाटेशी बसली. त्याचा चेहरा तिनं रोज दोनदा पुसला होता, पण पाहिला आज. डावा डोळा जिवंत होता, लख्ख, तिच्यावर रोखलेला. ओठ आवळून आवळून चिरले होते. ती वाकली आणि उजवा कान त्याच्या तोंडाला लावला. त्याचा श्वास गरम होता. "कुंऽ," तो म्हणाला, "दा." तिला सगळं ऐकू आलं, सुरुवातीचा खरखरीत काठ, मधला थरथरता भाग, शेवटी सुटलेला वारा. आणि खरं सांगायचं तर एक क्षण, एकच, तिचा हात त्याच्या कपाळाकडे गेला. दहा वर्षांपूर्वी ही हाक आली असती तर ती सभागृहातून, जंगलातून, कुठूनही चालत आली असती. तो क्षण तिनं जाऊ दिला.

"ऐकू आलं," ती त्याच्या कानात म्हणाली, मऊ आवाजात, कुणालाही माया वाटावी असा. "ह्या कानानं आलं. हा एक तुम्ही ठेवलात ना. आता मी घरात कसलाही आवाज करणार नाही. टेप नाही, रेडिओ नाही. उन्हं उतरली की कूलरसुद्धा बंद. तुम्ही हाका मारा. मला एकूण एक ऐकू येतील."

त्याच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. हसला तो. दारात ताईबाईनं पदरानं डोळे पुसले आणि देवाला हात जोडले. दोन दिवस राहून, भावाला आपल्या हातानं कळण्याची भाकरी दुधात कुस्करून भरवून, ती समाधानानं पारोळ्याला गेली; जाताना गिरणीवाल्याच्या बायकोला सांगून गेली की आमची वहिनी देवमाणूस आहे.

कुंदानं शब्द पाळला. टेपरेकॉर्डर माळ्यावर गेला. ऊन कललं की ती कूलर बंद करायची. त्याच सुमाराला गिरणीवालाही पट्टा उतरवून घरी जायचा आणि घर इतकं गप्प व्हायचं की भिंतीवरची पाल चुकचुकली तर ऐकू जावी. ती मधल्या दारात बसली, पण ह्या खेपेला बैठक फिरवून, उजवी बाजू खाटेकडे. परातीत तांदूळ घेतले. पहिल्या दिवशी त्यानं भरवशानं हाक मारली, मालकासारखी. ती हलली नाही. पाण्याच्या वेळेला पाणी दिलं, औषधाच्या वेळेला औषध, हाकेच्या वेळेला काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं असावं, पोचली नाही. त्यानं नाव फोडून फोडून घेतलं, ओठांतून रक्त येईतो. तिनं येऊन रक्त पुसलं, तूप लावलं आणि पुन्हा परातीशी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कानाकडे, मग घरभर पसरलेल्या शांततेकडे. आणि त्याला समजलं. समजल्याचं त्या एका डोळ्यात उतरत गेलं ते तिनं पापणी न हलवता पाहिलं. मध्ये गोंगाट नव्हता. कूलर नव्हता, रेडिओ नव्हता, जंगल नव्हतं. ह्यापुढे ज्या हाकेला उत्तर येणार नाही ती हाक ऐकू गेलेली असणार होती.

तरीही त्यानं हाक मारली. काय करणार दुसरं? एवढंच तर होतं त्याच्याजवळ.

"कुंऽ... दा."

"ऐकलं," कुंदा म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.